फोटोलाही सातबारा हवा: गावाच्या इतिहासाची वेबसाइट काढताना

२ सप्टेंबर २०२५ला राज्य सरकारनं मराठवाड्यातल्या मराठ्यांना निजामकाळातल्या नोंदींवरून कुणबी दाखले देण्याविषयी शासन निर्णय काढला आणि ‘हैदराबाद गॅझेट’ हा शब्द एका दिवसात पारावर पोचला. त्याआधी २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचं काम सुरू झालं, तेव्हा तहसील कचेऱ्यांमधली जुनी दप्तरं कुणबी नोंदींसाठी उघडली गेली आणि जुनी मोडी लिपी वाचणाऱ्या माणसांचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या प्रश्नात मी इथे शिरत नाही. पण या काळात गावोगावच्या माणसांना एक गोष्ट नव्यानं कळली, की आपल्या पणजोबांबद्दल कुठल्यातरी रुमालात एखादी ओळ असू शकते. रुमाल म्हणजे जुने कागद ज्या कापडात बांधून ठेवतात ते गाठोडं.

तेव्हापासून मला एक प्रश्न वारंवार येतो. ‘आमच्या गावाच्या इतिहासाची वेबसाइट काढायचीय. कुणाकडून करून घेऊ? खर्च किती येईल?’ विचारणारी बहुतेक पोरं पंचवीस-तिशीतली, पुण्यामुंबईत नोकरी करणारी. त्यांची कळकळ खरी असते. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितो आहे.

मी इंदापूर तालुक्यातला. आमचं मूळ गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे. धरण १९८०मध्ये पुरं झालं. ज्या उन्हाळ्यात पाणी खूप उतरतं, त्या उन्हाळ्यात पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं आणि लोक गाड्या काढून बघायला जातात. माझ्या वडिलांना देवळापेक्षा पाराची जागा दिसते का, याची ओढ असायची. बुडालेल्या गावाचा इतिहास कुठे असतो, हा प्रश्न मला तिथून लागला.

गॅझेट वेगळं, गॅझेटियर वेगळं

हा घोळ आधी मिटवू. गॅझेट म्हणजे राजपत्र. सरकारचे हुकूम, नेमणुका, अधिसूचना त्यात छापतात. गॅझेटियर म्हणजे एखाद्या प्रदेशाचा माहितीकोश: नद्या, पिकं, बाजार, जाती-जमाती, देवळं, लोकसंख्या असं सगळं त्यात असतं.

मुंबई इलाख्याचं गॅझेटियर जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली तयार झालं. पुणे जिल्ह्याचा खंड १८८५चा, सोलापूरचा १८८४चा, नगरचाही १८८४चा. प्रत्येक खंडात ‘ठिकाणं’ असं एक प्रकरण असतं आणि त्यात महत्त्वाची गावं वर्णक्रमानं येतात. हे खंड आज इंटरनेटवर फुकट वाचता येतात. राज्याच्या गॅझेटियर विभागानं नंतर काढलेले खंडही उपलब्ध आहेत, मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे आणि राष्ट्रीय अभिलेखागारानं २०१५पासून ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवर जुने सरकारी कागद ठेवायला सुरुवात केली आहे.

मग गावाची वेगळी वेबसाइट कशाला?

कारण या सगळ्यांची नजर वरून खाली आहे. कॅम्बेलच्या खंडात गावाचा बाजार आणि खानेसुमारीचा आकडा सापडेल, पण विहीर कुणी खोदली आणि तिच्यावर पाणी कुणाला भरू देत नव्हते, हे सापडणार नाही. शिवाय प्रदेशही सगळे नाहीत. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तो या मालिकेत नाही. तिथले जुने कागद उर्दू-फारसीत आणि बरेचसे हैदराबादच्या दप्तरांत. विदर्भ वेगळ्या प्रांतात होता. उजनीचं पाणी तर आज पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांना लागतं. पाणी एक, खोरं एक, नातीगोती एक, पण या गावांचे कागद शोधायचे तर तीन जिल्ह्यांची दप्तरं पालथी घालावी लागतात. हे तुकडे जोडण्याचं काम जिल्ह्याच्या कचेरीतून होत नाही, त्या पाण्याच्या काठावरच्या माणसालाच ते करावं लागतं.

घरातल्या ट्रंकेत काय असणार?

हा प्रश्न मला घराघरांत ऐकू येतो. ‘आमच्याकडे कसला आलाय इतिहास?’

भोर तालुक्यातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात एक जुनी शकावली होती. शकावली म्हणजे सालवार घटनांची यादी. ती लोकमान्य टिळकांपर्यंत पोचली, अभ्यासकांनी तपासली आणि तिच्यातल्या एका ओळीमुळे शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद नव्यानं पाहावा लागला. फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आज शासन ज्या तारखेला शिवजयंती साजरी करतं, तिच्यामागचा एक मुख्य आधार असा एका घरात जपलेला होता.

प्रत्येक ट्रंकेत जेधे शकावली नसते, हे मान्य. पण धरणग्रस्ताची नुकसानभरपाईची नोटीस, सोसायटीचं पासबुक, शाळेच्या पहिल्या तुकडीचा फोटो, तमाशाच्या फडाचं हँडबिल, दुष्काळी कामाचं हजेरीपत्रक, लग्नपत्रिका हे सगळं असतं. यातलं बरंचसं सरकारनं जपलेलं नाही. घरातून गेलं की ते संपलं.

वेबसाइट म्हणजे नेमकं काय?

तीन गोष्टी. एक, पत्ता, ज्याला डोमेन म्हणतात. हा विकत मिळत नाही, भाड्यानं मिळतो. वर्षाला काही शे ते हजारभर रुपये भरायचे आणि मुदत संपायच्या आत पुन्हा भरायचे. दुसरी गोष्ट, जागा: जगात कुठेतरी सतत चालू असलेला संगणक, ज्यावर आपल्या फाइल राहतात. तिचंही भाडं. तिसरी गोष्ट म्हणजे त्या जागेवरचं घर, म्हणजे पानं, चित्रं, मजकूर. आता देवनागरीतला पत्ताही मिळतो, २०१४पासून ‘.भारत’ हा शेपटीचा भाग घेता येतो.

घर बांधून देणारे चिकार भेटतात. हलणारी चित्रं, मागे सनई, वर भगवा झेंडा. हे सगळं आठवड्याभरात होतं. खरं काम त्यानंतरचं आहे.

फोटोचा सातबारा

गावाच्या ग्रुपवर एक फोटो येतो. वाड्यापुढे पंधरा माणसं बसलेली, मागे दोन बैलगाड्या. खाली लिहिलेलं असतं ‘जुन्या आठवणी’ आणि नमस्काराचे हात. पन्नास जणांना तो आवडतो. चार वर्षांनी तोच फोटो शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या गावाच्या नावानं फिरताना दिसतो आणि कोण खरं हे सांगायला कुणी उरलेलं नसतं.

जमिनीचं असं होत नाही, कारण तिला सातबारा असतो. गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाची. बारा सांगतो तिच्यात काय पिकतं. आणि नमुना सहा, फेरफार, सांगतो की कधी काय बदललं आणि कशाच्या आधारावर. फोटोला, कागदाला, ध्वनिमुद्रणाला नेमकं हेच लागतं. संगणकवाले याला मेटाडेटा म्हणतात. आपण ‘नोंद’ म्हणू.

नोंदीत काय लिहायचं? हा फोटो कुणाच्या घरी आहे. कुणी, केव्हा, कुठे काढला. त्यात कोण दिसतंय, आणि ती माणसं कुणी ओळखली. साल नक्की आहे की अंदाजाचं, आणि अंदाज कशावरून बांधला. मूळ वस्तूचा आकार काय, मागे काही लिहिलंय का. वेबसाइटवर ठेवायला परवानगी कुणी दिली. बस्स, एवढंच.

‘कशावरून’ हा शब्द मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ‘साल १९५२’ एवढं लिहिलं तर वाचणाऱ्याला विश्वास ठेवण्यापलीकडे काही करता येत नाही. ‘साल अंदाजे १९५२, कारण फोटोतला मुलगा आज म्हातारा आहे आणि तेव्हा तो पहिलीत होता असं त्यानं स्वतः सांगितलं’ असं लिहिलं, तर उद्या शाळेच्या जनरल रजिस्टरवरून कुणी ते तपासू शकतो. चूक निघाली तर जुनी ओळ पुसायची नाही. तिच्याखाली फेरफार घालायचा: अमुक तारखेला, अमुक आधारावर, साल बदललं.

हे काम मराठीत फार उत्तम करून दाखवलेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव, वाड्यावस्त्यांवर जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक. आज त्या ग्रामीण भारताची माहिती जपणाऱ्या ‘पारी’ या संकेतस्थळावर आहेत आणि ओवीबरोबर ती गाणारी बाई कोण, कुठल्या गावची, हेही दिलेलं आहे. ‘एक पारंपरिक ओवी’ असं म्हणून त्या बायांना पुसून टाकलेलं नाही. गावाची वेबसाइट काढणाऱ्यानं तासभर तिथे घालवावा, नोंद म्हणजे काय ते आपोआप उमगेल.

तारीख आणि गावाचं नाव

इथे फार चुका होतात म्हणून थोडं थांबतो.

जुन्या कागदावर इंग्रजी सन क्वचित असतो. शक असतो, महसुलासाठी वापरला जाणारा फसली सन असतो, पेशवाईतल्या कागदावर बहुधा सुहूर सन असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, हे शाळेत शिकवतात. पण शक बदलतो चैत्रात आणि इसवी सन बदलतो जानेवारीत. म्हणून वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. वरचंच उदाहरण घ्या. १५५१ अधिक ७८ म्हणजे १६२९, पण फाल्गुन महिना असल्यानं साल येतं १६३०.

सुहूर सन तर आकड्यांत नसून अरबी शब्दांत लिहितात. ‘सलास सितैन मया व अलफ’ म्हणजे तीन, साठ, शंभर आणि हजार: ११६३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतं. म्हणजे १७६२-६३. पानिपतानंतरचं दुसरं वर्ष. नोंदीत मूळ कागदावरची तारीख जशीच्या तशी लिहावी आणि शेजारी आपलं गणित लिहावं. नुसतं आपलं गणित ठेवलं आणि ते चुकलं, तर मूळ तारीख कायमची हरवते.

नावांचंही तसंच. औरंगाबाद आणि उस्मानाबाद २०२३मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले, अहमदनगर २०२४मध्ये अहिल्यानगर. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१चा, त्याआधी तो मुलूख रत्नागिरीत. पालघर २०१४पर्यंत ठाण्यात. आजोबांच्या दाखल्यावर ‘जि. ठाणे’ असेल, नातू ‘पालघर’ असं शोधेल. म्हणून कागदावर जे नाव आहे ते तसंच ठेवायचं आणि आजचं नाव सोबत द्यायचं. कुठलंही एकच नाव ठेवण्याचा हट्ट धरला, तर अर्ध्या लोकांना काही सापडणार नाही. कऱ्हाड आणि कराड या दोन्ही रूपांनी शोधणारी माणसं आहेत.

कागद संगणकात कसा न्यायचा?

कागद घराबाहेर न्यायचा नाही, हा माझा नियम आहे. स्कॅनर किंवा चांगला मोबाइल घेऊन आपण घरी जायचं, ओसरीवर उजेडात बसायचं, घरच्यांसमोर काम करायचं आणि ट्रंक होती तशी लावून द्यायची. कागदाची मालकी त्यांचीच. एकदा कागद ‘दोन दिवसांत देतो’ म्हणून नेले की गावात पुढचं दार उघडत नाही. पूर्वी असं झालेलं असतं, लोकांच्या ते लक्षात असतं आणि त्यांचं बरोबर असतं.

स्कॅन ३०० डीपीआयच्या खाली करू नये. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपले. ए-फोर आकाराचं एक रंगीत पान या मापानं, न दाबता साठवलं तर साधारण २६ एमबी होतं. हजार पानं म्हणजे २६ जीबी, आजच्या एका पेनड्राइव्हवर मावतील एवढी. लहान फोटो आणि निगेटिव्हला याच्या दुप्पट किंवा जास्त घ्यावं. ही मोठी फाइल ‘मूळ’ म्हणून बाजूला ठेवायची, तिला हात लावायचा नाही. वेबसाइटवर तिची लहान प्रत जाते.

व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो मागवू नका. ते फोटो दाबून लहान करतं, आणि कॅमेऱ्यानं फोटोच्या पोटात लिहिलेली तारीखही काढून टाकतं. मागवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. रंग भरून उजळलेला फोटो ठेवायचा असेल तर मूळ काळापांढरा शेजारी हवाच.

मोडी कागदाचे तीन थर असतात. पहिला थर चित्र. दुसरा लिप्यंतर, म्हणजे तीच भाषा, तेच शब्द, फक्त देवनागरीत. तिसरा आजच्या मराठीत अर्थ. पुष्कळ ठिकाणी फक्त तिसरा थर दिसतो, तोही वाचणाऱ्याच्या नावाशिवाय. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो, शब्द एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे चांगला जाणकारही एखाद्या ठिकाणी अडतो. तिन्ही थर आणि वाचणाऱ्याचं नाव दिलं, तर दुसरा जाणकार ते सुधारू शकतो. वि. का. राजवाड्यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे जे बावीस खंड काढले, त्यांची आज किंमत आहे ती मुळात कागद छापल्याबद्दल. राजवाड्यांची मतं पुढच्यांनी खोडली, कागद उरले.

वीस वर्षांपूर्वीची मराठी वेबसाइट आज का वाचता येत नाही?

जुन्या काही मराठी साइट उघडल्या की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता सडा दिसतो. कारण असं, की पूर्वी प्रत्येक फॉन्टवाल्यानं अक्षरांना आपापले आकडे दिले होते. जणू प्रत्येक सराफाची वजनं वेगळी. त्याचं माप त्याच्याच तराजूवर खरं. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर मजकूर म्हणजे अर्थहीन खुणा.

युनिकोडनं जगातल्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला आकडा दिला. ‘क’ म्हणजे २३२५, कुठल्याही फोनवर, कुठल्याही देशात. मोडी लिपीलाही २०१४मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. तेव्हा सगळा मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. छापखान्यातून आलेली जुन्या फॉन्टमधली स्मरणिका तशीच चिकटवू नका, आधी रूपांतर करा आणि एकदा डोळ्यांनी वाचा, कारण रूपांतरात जोडाक्षरं हमखास तुटतात. आणि मजकुराचं चित्र करून टाकू नका. चित्रातला शब्द शोधयंत्राला सहजी सापडत नाही, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध वाचकाला ऐकूही येत नाही.

‘फेसबुकवर ग्रुप आहेच की’

असू द्या. ग्रुप म्हणजे चावडी. तिथे आठवणी निघतात, माणसं ओळखली जातात. मला स्वतःला कितीतरी चेहऱ्यांची नावं ग्रुपवरच मिळाली. पण चावडीवरचं बोलणं दप्तरात कुणीतरी उतरवावं लागतं. ग्रुपवर परवाचं सापडत नाही, अ‍ॅडमिन रुसला की ग्रुप बंद, आणि बाहेरच्याला आत येता येत नाही. इंदूरला, बडोद्याला, तंजावरला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आपलं मूळ गाव शोधत असतात. त्यांना ग्रुपचं नाव कसं कळणार? ग्रुपवर विचारा, उत्तर नोंदीत लिहा आणि उत्तर देणाऱ्याचं नाव घाला.

हक्काचं काय?

भारतीय कायद्यानं लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि मोजणी मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून. १९६०मध्ये वारलेल्या लेखकाचं पुस्तक २०२१पासून सगळ्यांचं झालं. राजवाडे १९२६ साली गेले, त्यांचं लेखन केव्हाच मोकळं आहे. सरकारी प्रकाशनांना प्रसिद्धीपासून ६० वर्षं.

पत्राच्या बाबतीत लोक चुकतात. कागद ज्याला पत्र आलं त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि पुढे त्याच्या वारसांचा. पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे असतो. वर्तमानपत्राचं कात्रण आपल्याकडे आहे म्हणून ते टाकायची मुभा मिळत नाही. शंका असेल तिथे वारसांना विचारावं. गावात हे अवघड नाही.

जिवंत माणसांचे आधार क्रमांक, मोबाइल, जातीचे दाखले, आजारपणाचे कागद वेबसाइटवर येता कामा नयेत. यात सूट नाही. कोल्हापूर-सांगली-बेळगावकडे हेळवी येतात, घराण्यांच्या पिढ्या सांगतात. त्यांचं ध्वनिमुद्रण करून सगळ्या वंशावळी फुकट टाकणं मला योग्य वाटत नाही. ती विद्या त्यांचं पोट आहे. त्यांच्याविषयी, त्यांच्या पद्धतीविषयी लिहावं, त्यांच्या संमतीनं एखादा भाग ऐकवावा.

‘यानं गावात भांडणं लागतील’

लागू शकतात. हा आक्षेप मी हलका मानत नाही.

बहुतेक गावांचा छापलेला इतिहास वाड्यातून आणि देवळातून सुरू होतो आणि तिथेच संपतो. वेशीबाहेरच्या वस्तीचं त्यात नाव नसतं. पण महार वतन १९५८च्या कायद्यानं संपलं, तोवर गावगाड्याचा केवढा भार त्या वस्तीनं उचलला होता. महाडच्या इतिहासात २० मार्च १९२७चा चवदार तळ्याचा सत्याग्रह नसेल, तर त्याला महाडचा इतिहास कोण म्हणेल? आपापल्या गावातही एक पाणवठा असतोच. त्याची आठवण दोन्ही बाजूंनी टिपायला हवी, ज्यांनी अडवलं त्यांच्याकडून आणि ज्यांना अडवलं त्यांच्याकडून. जुन्या कागदांत जातींविषयी अपमानाचे शब्द येतात. कागद बदलायचा नाही, पण आपल्या मजकुरात ते शब्द वापरायचे नाहीत आणि कागदाच्या वर दोन ओळींत सांगायचं की हा त्या काळचा मजकूर आहे.

म्हणून काम एका घरानं करू नये. पाच-सात जण असावेत, निरनिराळ्या आळ्यांतले, त्यात बाया असाव्यात. सासरी आलेल्या बाईला गावाविषयी जे दिसतं, ते इथेच जन्मलेल्याला दिसत नाही. मतभेद झाला तर दोन्ही म्हणणी आधारासकट शेजारी शेजारी ठेवावीत.

जमिनीच्या वादाची भीतीही असते. वेबसाइटवरचं चित्र म्हणजे कचेरीतली नक्कल नव्हे. दाव्यात प्रमाणित नक्कलच लागते. हे प्रत्येक पानावर लिहा. चालू वादातले कागद सरळ बाजूला ठेवा.

‘एआयकडून लिहून घेतलं तर?’

मदत घ्या, पण इतिहास लिहून घेऊ नका. लहान गावाविषयी मुळात लिहिलेलंच नसेल, तर यंत्र आणणार कुठून? ते दुसऱ्या गावांच्या साच्यातून गोष्ट बेतून देतं: अमुक ऋषींवरून नाव पडलं, तमुक राजाचा मुक्काम झाला. वाक्यं इतकी सफाईदार असतात की गावकऱ्यांनाही ती खरी वाटू लागतात आणि पुढच्या वर्षी यात्रेच्या पत्रिकेत छापून येतात. जुन्या काळाचं कल्पनाचित्र बनवलं, तर ते फोटोसारखं फिरतं. छापील पान वाचून टाइप करायला, ध्वनिमुद्रणाचा कच्चा मसुदा काढायला यंत्र कामाचं आहे. तो मसुदा माणसानं मूळ चित्राशेजारी ठेवून ओळ न्‌ ओळ तपासावा आणि नोंदीत तसं लिहावं.

आणि आपल्यानंतर?

याहू कंपनीनं २००९मध्ये जिओसिटीज ही लोकांना फुकट वेबसाइट करू देणारी सेवा बंद केली, तेव्हा लोकांनी हौसेनं केलेली लाखो पानं एकदम गेली. वेबसाइटांच्या प्रती जपणारी इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था आणि काही स्वयंसेवक यांनी धावपळ करून जेवढी उतरवली, तेवढी उरली.

आमची पहिली वेबसाइटही गेली. डोमेन एका मुलाच्या ईमेलवर घेतलं होतं. त्याची नोकरी बदलली, तो परदेशी गेला, भाडं भरायची आठवण त्या जुन्या ईमेलवर येत राहिली आणि मुदत संपली. काही महिन्यांनी तो पत्ता दुसऱ्याच कुणीतरी घेतला. फोटोंच्या मूळ फाइल घरी होत्या म्हणून फोटो वाचले. पण वर्षभरात लोकांनी साइटवर येऊन सांगितलेली नावं, दुरुस्त्या, ‘हा माझा चुलता’ अशा ओळी यांची प्रत कुठेच नव्हती. ओळखणाऱ्यांपैकी काही जण तोवर गेले होते. फोटोत आज ते चेहरे आहेत आणि खाली ‘अनोळखी’ असं लिहावं लागतं.

तेव्हापासून आम्ही जे करतो ते सांगतो. डोमेन संस्थेच्या नावावर, दोघांकडे पासवर्ड, पैसे एकदम अनेक वर्षांचे. दहा वर्षांपर्यंत भरता येतात. फाइलींच्या तीन प्रती: एक संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर, एक गावाबाहेर. गावाबाहेर का, हे चिपळूणला विचारावं. २००५ आणि २०२१, दोन्ही वेळा पूर तिथल्या जुन्या वाचन मंदिरात शिरला. पुण्यात १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या घरांबरोबर घराघरांतले कागदही गेले.

इंटरनेट आर्काइव्हवर आपल्या पानांची प्रत जतन करता येते, पैसे लागत नाहीत. हक्क मोकळे असलेली चित्रं विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रभांडारात, ठेवता येतात. आणि दर दिवाळीला सगळ्या नोंदींची एक छापील वही करून तालुक्याच्या वाचनालयात देतो. वीज गेली, कंपनी गेली, आम्ही गेलो, तरी ती वही कपाटात राहील.

सुरुवात कुठून, असं विचाराल तर एकच ट्रंक घ्या आणि घरातलं सगळ्यांत वयस्कर माणूस शेजारी बसवा. डोमेन पुढच्या महिन्यात घेतलं तरी चालेल. गेल्या उन्हाळ्यात एका आजीबाईंसमोर मी असा बसलो होतो. पाण्याखालच्या गावातल्या लग्नाचा फोटो होता. त्यांनी बोट ठेवत ठेवत सतरा नावं सांगितली. अठराव्या चेहऱ्यापाशी थांबल्या, म्हणाल्या, ‘ही कोण ते आठवंना. उद्या ये, रातच्याला आठवंल.’ मी दुसऱ्या दिवशी गेलो. आठवलं होतं.